स्नूकरचा वर्ल्ड कप भारताने जिंकलाय की नाही? दोन्ही उत्तरं बरोबर कशी?

तुम्हाला कुणी सांगितलं, 'भारताने पाकिस्तानला हरवून स्नूकरचा वर्ल्ड कप जिंकलाय', तर ते खरं आहे. आणि कुणी सांगितलं, 'छे, स्नूकरचा वर्ल्ड कप भारताने कधीच जिंकलेला नाही', तर तेही खरंच आहे.

असं कसं? कारण स्नूकरमध्ये देशांच्या संघांचे वर्ल्ड कप एकापेक्षा जास्त आहेत. एक हौशी खेळाडूंच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे आयबीएसएफचा. तो भारताने २०१८ मध्ये दोहात जिंकला. दुसरा व्यावसायिक खेळाडूंचा. तो १९७९ मध्ये सुरू झाला, अनेकदा बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि २०१९ नंतर झालेलाच नाही.

आपल्याला आज बोलायचंय ते या दुसऱ्या वर्ल्ड कपबद्दल. एक स्पर्धा बंद पडली तर एवढं काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण ज्या देशांकडे स्नूकरचे दोन-तीनच मोठे खेळाडू आहेत, त्या देशांसाठी बरंच बिघडलंय. आणि त्या देशांमध्ये आपणही येतो.

आधी खेळ समजून घेऊ

स्नूकरचं टेबल साधारण १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असतं. त्यावर १५ लाल चेंडू, ६ वेगवेगळ्या रंगांचे चेंडू आणि एक पांढरा. पांढऱ्या चेंडूने मारून बाकीचे चेंडू खिशात घालायचे. लालचा १ गुण, मग एका रंगीत चेंडूचे २ ते ७ गुण, मग पुन्हा लाल. प्रत्येक वेळी लालनंतर ७ गुणांचा काळा चेंडू घेतला आणि शेवटी सगळे रंगीतही संपवले, तर एका दमात १४७ गुण होतात. असा एक डाव म्हणजे एक फ्रेम.

या खेळाची खरी खासियत म्हणजे वाट बघणं. टेनिसमध्ये समोरच्याने मारलेला चेंडू निदान तुमच्याकडे येतो तरी. स्नूकरमध्ये समोरचा खेळाडू टेबलावर असेल, तर तुम्ही खुर्चीत बसून पाणी प्यायचं. दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त. काही करता येत नाही. खेळांच्या दुनियेत इतका एकटेपणा क्वचितच कुठे असेल.

मग अशा खेळात संघ कसा काय असू शकतो?

दोघांचा देश

व्यावसायिक वर्ल्ड कपचं २०१५ ते २०१९ मधलं स्वरूप बघा. एकूण २४ संघ आणि प्रत्येक संघात फक्त दोन खेळाडू. सहा-सहा संघांचे चार गट. प्रत्येक लढतीत पाच फ्रेम. आधी दोन एकेरी, मग एक दुहेरी, मग प्रतिस्पर्धी बदलून पुन्हा दोन एकेरी.

यातली गंमत पुढे आहे. गटातल्या लढतीत कुणी ३-० ने पुढे गेलं तरी खेळ थांबायचा नाही. पाचही फ्रेम खेळायच्याच, कारण गटातलं स्थान जिंकलेल्या एकूण फ्रेमवर ठरायचं. म्हणजे एखादा छोटा देश इंग्लंडकडून ४-१ ने हरला, तरी ती एक फ्रेम त्याच्या खात्यात जमा. पाच लढतींतल्या २५ पैकी प्रत्येक फ्रेमला किंमत. गटातले पहिले दोन संघ पुढे जायचे आणि मग बाद फेरीत सातपैकी चार फ्रेम जिंकेल तो विजयी.

आता याचा अर्थ लक्षात घ्या. इंग्लंडकडे डझनावारी व्यावसायिक खेळाडू आहेत, पण वर्ल्ड कपमध्ये त्यांना पाठवता यायचे दोनच. ज्या देशाकडे दोनच चांगले खेळाडू आहेत, त्याचाही संघ दोघांचाच. सवलत होती ती फक्त यजमानाला. त्याला दोन संघ उतरवता यायचे.

क्रिकेटमध्ये ११ जण जमवावे लागतात. फुटबॉलमध्ये ११ आणि वर भक्कम राखीव फळी. इथे दोन जण जमले की देश तयार. खेळांमधली मोठ्या-छोट्या देशांची दरी इतकी कमी करणारी स्पर्धा फार थोडी असेल.

सुरुवात कुठे झाली?

१९७९ मध्ये, इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला. तेव्हा नाव होतं वर्ल्ड चॅलेंज कप आणि संघ तिघांचे असायचे. पहिल्या अंतिम सामन्यात वेल्सने इंग्लंडचा १४-३ असा फडशा पाडला. वेल्सच्या संघात होते रे रिअर्डन, टेरी ग्रिफिथ्स आणि डग माउंटजॉय. पुढच्या वर्षीही वेल्सच. १९८२ मध्ये क्लिफ थॉर्बर्नच्या कॅनडाने इंग्लंडला हरवलं.

पण या स्पर्धेची ताकद सगळ्यात जास्त दिसली ती आयर्लंडमध्ये. १९८५ मध्ये अंतिम सामन्यात इंग्लंडला ९-७ ने हरवणारा संघ 'आयर्लंड' या एकाच नावाने खेळला. त्यात अलेक्स हिगिन्स आणि डेनिस टेलर हे उत्तर आयर्लंडचे, तर यूजीन ह्यूज प्रजासत्ताक आयर्लंडचा. त्या काळात उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब आणि गोळीबाराच्या बातम्या रोजच्या होत्या. हिगिन्स प्रोटेस्टंट वस्तीतला, टेलर कॅथलिक. तरीही तिघं एका संघात खेळले आणि १९८५, १९८६, १९८७ असे सलग तीन वर्ल्ड कप जिंकले.

ही गोष्ट इथेच संपली असती तर किती छान झालं असतं. पण १९९० मध्ये उत्तर आयर्लंडचा संघ वेगळा उतरला आणि अंतिम सामन्यात कॅनडाकडून ५-९ ने हरला. त्या स्पर्धेदरम्यान हिगिन्स आणि टेलर यांच्यात जोरदार वाद झाला. हिगिन्सने टेलरला गोळी घालायला लावण्याची धमकी दिली. त्या वर्षीच्या गैरवर्तनांबद्दल हिगिन्सवर पुढचा संपूर्ण मोसम बंदी आली. टेबलावर एकत्र येणं सोपं असतं, पण टेबलाबाहेरचं राजकारण दार ठोठावतंच.

चीनने ही स्पर्धा आपली केली

१९९० नंतर वार्षिक वर्ल्ड कप थांबला. १९९६ मध्ये बँकॉकला एकदा झाला, तो स्कॉटलंडने जिंकला. त्यानंतर थेट २०११. पुन्हा बँकॉक, या वेळी दोघांचे संघ. डिंग जुनहुई आणि लियांग वेनबो या चिनी जोडीने अंतिम फेरीत उत्तर आयर्लंडला ४-२ ने हरवलं.

डिंग हे नाव लक्षात ठेवा. २००५ मध्ये वयाच्या १८ व्या वर्षी त्याने स्टीफन हेन्ड्रीला हरवून चायना ओपन जिंकली आणि चीनमध्ये स्नूकरची लाट आली. त्याचं गाव यीशिंग हे वुशी शहराच्या हद्दीत येतं. २०१५, २०१७ आणि २०१९ चे वर्ल्ड कप वुशीतच झाले, म्हणजे एका अर्थी डिंगच्या घरच्या अंगणात.

२०१५ मध्ये यजमान चीनने दुसरा संघ म्हणून दोन पोरं उतरवली. झोऊ युएलाँग १७ वर्षांचा, यान बिंगताओ १५ वर्षांचा. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर होते स्कॉटलंडचे जॉन हिगिन्स आणि स्टीफन मॅग्वायर. हिगिन्स तेव्हाच चार वेळचा विश्वविजेता. पोरांनी ४-१ ने सामना मारला. दहावीच्या वयाचा मुलगा वर्ल्ड कप उचलतोय, असं ते दृश्य होतं.

२०१७ मध्ये डिंग आणि लियांग पुन्हा जिंकले. इंग्लंडचे जड ट्रम्प आणि बॅरी हॉकिन्स ३-१ ने पुढे होते, तिथून चीनने ४-३ ने बाजी मारली. २०१९ मध्ये हिगिन्स-मॅग्वायर यांनी त्याच झोऊ-यान जोडीला ४-० ने हरवून चार वर्षांपूर्वीचा हिशोब चुकता केला.

आणि तिथे ही गोष्ट थांबली.

मग पुढे काय झालं?

पहिलं, सगळ्यांना माहीत असलेलं कारण म्हणजे कोरोना. चीनच्या सीमा बंद झाल्या आणि तिथल्या व्यावसायिक स्नूकर स्पर्धा २०२३ पर्यंत ठप्प होत्या. वर्ल्ड कपचं घर चीनमध्येच होतं, त्यामुळे तोही गेला.

पण २०२३ मध्ये शांघाय आणि वुहानला पुन्हा स्पर्धा झाल्या. वर्ल्ड कप मात्र परतला नाही. म्हणजे कोरोना हे एकटं कारण नाही.

दुसरं कारण आहे रँकिंगचं गणित. व्यावसायिक स्नूकरमध्ये क्रमवारी ठरते ती दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांतून जिंकलेल्या बक्षिसाच्या रकमेवर. साधारणपणे पहिल्या ६४ मध्ये राहिलात तर तुमचं व्यावसायिक कार्ड टिकतं, नाहीतर पुन्हा पात्रता स्पर्धांच्या रांगेत. वर्ल्ड कप ही निमंत्रितांची स्पर्धा. २०१७ मध्ये विजेत्या जोडीला २ लाख डॉलर मिळाले, पण त्यातला एकही डॉलर क्रमवारीत मोजला गेला नाही. साहजिकच आहे. देशासाठी खेळलेली फ्रेम एकट्याच्या खात्यात कशी टाकणार?

आता दुसऱ्या बाजूला बघा. २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या जेद्दाहमध्ये नवी रँकिंग स्पर्धा सुरू झाली. एकूण बक्षीस २० लाख पौंडांहून जास्त, त्यात विजेत्याला ५ लाख पौंड. खेळाडू आणि आयोजक दोघांसाठीही वर्षात आठवडे मोजकेच असतात. त्यातला एक आठवडा कशाला द्यायचा, याचं उत्तर पैशाच्या भाषेत सोपं आहे.

तिसरं कारण जुनंच आहे. या स्पर्धेला कायमचा पाठीराखा कधी मिळालाच नाही. ऐंशीच्या दशकातले प्रायोजक बघा. सिगारेट कंपनी, मग बिअर, मग गाड्यांची वॉरंटी देणारी कंपनी, पुन्हा बिअर, मग खिडक्या बनवणारी कंपनी, मग गाड्या भाड्याने देणारी. भाडेकरूने दर वर्षी घर बदलावं तशी अवस्था. स्वतःचं घर नसलेली स्पर्धा कॅलेंडरमध्ये गर्दी झाली की सगळ्यात आधी बाहेर पडते.

मॅच फिक्सिंगची सावली

एक अवघड भाग सांगायलाच हवा. २०११, २०१५ आणि २०१७ हे तीन वर्ल्ड कप जिंकणारे चिनी खेळाडू एकूण चार. डिंग, लियांग, झोऊ आणि यान.

जून २०२३ मध्ये मॅच फिक्सिंग प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर कारवाई झाली. लियांग वेनबोवर आजीवन बंदी आली. यान बिंगताओवर पाच वर्षांची. याच यानने २०२१ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, मास्टर्स ही प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली होती. म्हणजे चारपैकी दोन विश्वविजेते खेळाबाहेर गेले. या दोघांवरच्या आरोपांचा वर्ल्ड कपच्या सामन्यांशी संबंध नव्हता, आणि डिंग व झोऊ यांची नावं या प्रकरणात नव्हती, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं.

याच प्रकरणात झाओ शिनताँगला २० महिन्यांची बंदी झाली होती. ती संपवून तो परतला आणि २०२५ मध्ये मार्क विल्यम्सला १८-१२ ने हरवून वैयक्तिक जागतिक विजेतेपद जिंकणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला. म्हणजे चिनी स्नूकर संपलेलं नाही, उलट शिखरावर आहे.

पण या प्रकरणातून एक प्रश्न उरतोच. आशियातली पोरं किशोरवयात घर सोडून इंग्लंडमध्ये, बरीचशी शेफील्डमध्ये, राहायला जातात. पगार नाही, जिंकलात तर पैसे. त्यांच्यामागे उभा राहणारा 'संघ' असा नसतोच. चुकीला माफी असावी असं मी म्हणत नाहीये. पण ज्या खेळात प्रत्येक जण फक्त स्वतःच्या नावावर उभा आहे, तिथे चुकीचा माणूस मित्र म्हणून आला तर त्याला अडवणारंही कुणी नसतं. वर्षातला एक आठवडा देशाच्या नावाने खेळल्याने हे सगळं सुटलं असतं का? नाही, लियांग आणि यान दोघंही चीनच्या नावाने जिंकले होतेच. पण खेळाडूची जबाबदारी घेणारं कुणीतरी असावं, हा मुद्दा तरीही उरतो.

भारताचं काय?

हा खेळ मुळात जन्मला भारतात. १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने तो सुरू केला असं मानलं जातं. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे.) नियम ठरले ते उटीच्या क्लबमध्ये.

टेबलावरच्या या खेळांशी महाराष्ट्राचं नातंही जुनं आहे. १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं हौशी जागतिक विजेतेपद जिंकून वैयक्तिक खेळातले पहिले भारतीय विश्वविजेते ठरलेले विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा. बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून विश्वविजेतेपदांची रास लावणारा पंकज अडवाणी वाढला बंगळुरूमध्ये, पण जन्मला पुण्यात. २०१३ मध्ये दिल्लीत इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठून, व्यावसायिक रँकिंग स्पर्धेत तिथवर पोहोचणारा पहिला भारतीय ठरलेला आदित्य मेहता मुंबईचा. आत्ताच्या व्यावसायिक सर्किटवर खेळणारा इशप्रीतसिंग चढ्ढाही मुंबईचाच.

आता २०१८ च्या दोहाकडे वळू. आयबीएसएफच्या सांघिक वर्ल्ड कपचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. त्यांच्याकडे बाबर मसीह आणि २०१२ चा हौशी विश्वविजेता मोहम्मद आसिफ. आपल्याकडे पंकज अडवाणी आणि मनन चंद्रा. पाच फ्रेमचा सामना आणि पहिल्या दोन पाकिस्तानच्या खिशात. एक फ्रेम गेली की सगळं संपलं. तिथून भारताने पुढच्या तिन्ही फ्रेम जिंकून ३-२ असा सामना काढला.

हाच सामना क्रिकेटचा असता तर? जाऊ दे, तो प्रश्न नकोच. पण एवढं नक्की की 'भारत विरुद्ध पाकिस्तान' या तीन शब्दांमुळे, स्नूकरचे नियमही माहीत नसलेल्या माणसाला निकाल जाणून घ्यावासा वाटतो. एकट्या खेळाडूला प्रेक्षक मिळायला वर्षानुवर्षं जिंकावं लागतं. देशाला प्रेक्षक आधीपासून असतात. सांघिक स्पर्धेची खरी किंमत इथे आहे.

आणि नेमकी हीच दारं एकेक करून बंद झालीत. आशियाई खेळांत १९९८ पासून स्नूकर-बिलियर्ड्स होते. २०१० च्या ग्वांगझूनंतर तिन्ही वेळा ते नव्हते. ऑलिम्पिकमध्ये स्नूकर कधीच नव्हतं. राष्ट्रकुल खेळांतही आजवर नाही, आणि हे तर खरोखर कोडंच आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत, पाकिस्तान ही यादी वाचा. स्नूकरची बरीचशी दुनिया राष्ट्रकुलातच राहते! २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला होणार आहेत. ज्या देशात हा खेळ जन्मला, तिथेच तो पहिल्यांदा राष्ट्रकुल खेळांत यावा, ही मागणी निदान मांडायला तरी हरकत नाही.

मग वर्ल्ड कप परत यावा का?

न येण्याची कारणं खोटी नाहीत. खेळाडूला कार्ड टिकवायचंय, आयोजकाला पैसे मिळवायचेत, आठवडे कमी आहेत. कुणी खलनायक नाही.

पण हिशोब पूर्ण मांडायला हवा. वर्ल्ड कप नसल्याने इंग्लंड किंवा स्कॉटलंडचं फारसं नुकसान होत नाही. त्यांच्या खेळाडूंना वर्षभर स्पर्धा आहेत. चीनचंही नाही, त्यांच्याकडे आता विश्वविजेता आहे. नुकसान होतं ते दोन खेळाडूंच्या देशांचं. त्या देशाच्या खेळाडूला वुशीत थेट ट्रम्प किंवा हिगिन्ससमोर उभं राहता यायचं, क्रमवारीत कितवा आहेस हे न विचारता. पात्रता फेऱ्यांच्या जिन्यावरून वर्षानुवर्षं चढत न येता.

आणि १५ वर्षांच्या यानचा तो विजय आठवा. त्याच्या चुकीची शिक्षा तो भोगतोय. पण २०१५ मध्ये ती संधी त्याला मिळाली, कारण यजमान देशाला दुसरा संघ उतरवता येत होता आणि कुणीतरी दोन पोरांवर विश्वास टाकला.

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या क्लबमध्ये आज संध्याकाळीही कुणीतरी १५ वर्षांचं पोरगं टेबलावर वाकून लाल चेंडू मारत असेल. त्याला व्यावसायिक व्हायचं असेल, तर रस्ता इंग्लंडला जातो. तो लांबचा आहे, महागडा आहे आणि एकट्याने चालायचा आहे. देशाच्या नावाने जाणारा छोटा रस्ता एक होता. तो २०१९ पासून बंद आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी विचारलं, 'स्नूकरचा वर्ल्ड कप भारताने जिंकलाय का?', तर उत्तर द्या, 'एक जिंकलाय. दुसरा जिंकायचा, तर आधी तो परत सुरू व्हावा लागेल.'